नादारीचा अर्ज आणि दिवाळखोरीच्या नोंदी: आधी शोधायचं कुठे, मग दाखल करायचं कुठे

कर्जात बुडालेला माणूस वकिलाकडे येतो तेव्हा त्याच्या हातात बहुतेक वेळा एक प्लास्टिकची पिशवी असते. तिच्यात बँकेच्या नोटिसा, पतसंस्थेचं वसुलीचं पत्र, पोस्टातून आलेली आणि भीतीपोटी न उघडलेली पाकिटं, चेकबुकाची उरलेली अर्धुकं असा सगळा ऐवज असतो. मी जिल्हा न्यायालयात वकिली करते आणि अशा पिशव्या टेबलावर रिकाम्या करण्यात माझा बराच वेळ जातो. पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ताई, सरळ दिवाळं काढता येतं का?"

येतं. कायद्याच्या मराठीत त्याला नादारी म्हणतात. जुन्या पिढीला हा शब्द शाळेतल्या फीमाफीमुळे ओळखीचा आहे. न्यायालयात मात्र नादार म्हणजे आपलं देणं फेडू शकत नाही असं न्यायालयानं जाहीर केलेली व्यक्ती. हा अर्ज आपल्याच जिल्ह्यात करता येतो. पण तो करण्याआधी इतरांच्या नोंदी कशा दिसतात हे एकदा बघून या, असं मी प्रत्येकाला सांगते. उद्या तुमचं नाव, पत्ता आणि न्यायालयाचा आदेश तसाच राजपत्रात छापला जाणार आहे. ते डोळ्यांनी पाहिलेला माणूस अर्ज जास्त काळजीनं भरतो.

कुणाला कोणता कायदा

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. २०१६ मध्ये नादारी आणि दिवाळखोरी संहिता आली, त्यामुळे जुने कायदे गेले असं अनेकांना वाटतं. कंपन्यांपुरतं ते ठीक आहे. व्यक्तींसाठी असलेला या संहितेचा तिसरा भाग मात्र १ डिसेंबर २०१९ पासून फक्त एकाच गटाला लागू झाला आहे: कर्जबाजारी कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणारे लोक. जुने कायदे रद्द करणारं कलम त्या संहितेत आहे, पण ते अमलात आणलेलं नाही. म्हणून नोकरदार, शेतकरी, किराणा दुकानदार, प्रोप्रायटर, भागीदारी पेढी या सगळ्यांसाठी ब्रिटिशकाळातलेच दोन कायदे चालू आहेत. मुंबईसाठी इलाखा शहर नादारी अधिनियम, १९०९. त्याचं काम मुंबई उच्च न्यायालयात चालतं आणि मालमत्ता शासकीय अभिहस्तांकिताच्या, म्हणजे ज्याला सगळे ऑफिशियल असायनी म्हणतात त्याच्या ताब्यात जाते. मुंबईबाहेर साधारणपणे प्रांतिक नादारी अधिनियम, १९२० आणि तुमचं जिल्हा न्यायालय.

संहितेत छोट्या कर्जदारासाठी 'नवी सुरुवात' नावाची तरतूद लिहिलेली आहे. वर्षाचं उत्पन्न ६०,००० रुपयांपर्यंत, मालमत्ता २०,००० पर्यंत आणि पात्र कर्ज ३५,००० पर्यंत असेल तर कर्जमाफी, असं तिचं स्वरूप. ती सर्वसामान्य कर्जदाराला लागू केलेली नाही. तिच्या नावानं कुणी तुमच्याकडून आगाऊ फी मागत असेल तर तिथून उठा.

कंपनी असेल तर राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ. तिथे कंपनी स्वतः कलम १० खाली अर्ज करते, त्यासाठी भागधारकांचा विशेष ठराव लागतो. कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिली असेल तर कलम ९४ चा अर्ज, तोही त्याच न्यायाधिकरणात. त्याचं वैशिष्ट्य असं की अर्ज दाखल झाल्या दिवसापासून त्या कर्जांवरची कारवाई आपोआप थांबते. या दोन्ही वाटा वेगळ्या वकिलांच्या आहेत. पुढचं सगळं मी साध्या व्यक्तीसाठी लिहिते आहे.

नोंदी शोधणं

देशात व्यक्तींच्या नादारीची एकच सामायिक वही नाही. ती चार-पाच ठिकाणी विखुरलेली आहे आणि प्रत्येक ठिकाणी शोधायची पद्धत निराळी.

सुरुवात ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळापासून करा. राज्य, जिल्हा, न्यायालयाचं संकुल निवडून पक्षकाराच्या नावानं शोध घेता येतो; वर्ष टाकावं लागतं, आणि प्रलंबित व निकाली अशा दोन्ही याद्या बघाव्या लागतात. इथे नावाच्या स्पेलिंगनं माणसं चुकतात. एकाच आडनावाची तीन स्पेलिंगं कारकुनांनी तीन वर्षांत टाकलेली मी पाहिली आहेत. म्हणून आधी फक्त आडनाव, मग नाव, मग वडिलांचं किंवा पतीचं नाव असं फिरवून फिरवून शोधा. प्रकरण सापडलं की त्याचा सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक लिहून घ्या. पुढच्या वेळी त्या एका क्रमांकावर सगळं उघडतं.

संगणकात न चढलेली जुनी प्रकरणं अभिलेख कक्षात असतात. त्यासाठी प्रत्यक्ष जावं लागतं, वर्ष आणि अंदाजे क्रमांक सांगावा लागतो. नक्कल हवी असेल तर नक्कल अर्ज भरायचा. तुम्ही त्या प्रकरणात पक्षकार नसाल तर नक्कल कशासाठी हवी हे कारण देऊन न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. "जमीन विकत घेतोय, विकणाऱ्याचं नाव नादारीच्या आदेशात दिसतंय" हे पुरेसं चांगलं कारण आहे. "सहज बघायचंय" हे नाही.

दुसरं ठिकाण म्हणजे महाराष्ट्र शासन राजपत्र. नादार घोषित केल्याचा आदेश राजपत्रात छापणं १९२० च्या कायद्यानं बंधनकारक आहे. त्यात नाव, पत्ता, आदेशाची तारीख, न्यायालय आणि मुक्ततेचा, म्हणजे उरलेल्या देण्यातून सुटण्याचा, अर्ज किती मुदतीत करायचा हे असतं. चार ओळींची सूचना, पण पुराव्याला भक्कम.

समोर कंपनी असेल तर काम सोपं होतं. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीची मूळ माहिती फुकट दिसते, त्यात ती नादारीच्या प्रक्रियेत आहे की विसर्जनात हेही कळतं. भारतीय नादारी आणि दिवाळखोरी मंडळाच्या संकेतस्थळावर जाहीर सूचना आणि आदेश कंपनीच्या नावानं शोधता येतात. त्या कंपनीनं तुमचे पैसे थकवले असतील तर सूचनेतली दाव्याची शेवटची तारीख आधी बघा. प्रक्रिया सुरू होताना दावा दाखल करायला साधारण चौदा दिवस मिळतात.

मोठ्या थकबाकीदारांच्या याद्या पतमाहिती कंपन्यांच्या, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या सिबिलसारख्या कंपन्यांच्या, संकेतस्थळांवर उघड असतात: बँकांनी ज्यांच्यावर दावे लावले असे १ कोटी आणि त्यावरचे, आणि हेतुपुरस्सर थकबाकीदार २५ लाख आणि त्यावरचे. वीस लाखांच्या वरची बँक वसुली कर्जवसुली न्यायाधिकरणात चालते, मुंबई, पुणे, नागपूर इथे ती आहेत, आणि त्यांचीही प्रकरणं ऑनलाइन शोधता येतात. घर किंवा जमीन घेताना सेरसाईच्या, म्हणजे तारण मालमत्तांच्या केंद्रीय, नोंदवहीत मालमत्तेवर बोजा आहे का हे किरकोळ शुल्क भरून बघा.

नोंद वाचताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. अर्ज दाखल झाला म्हणजे माणूस नादार झाला असं होत नाही. 'निकाली' या शब्दामागे अर्ज फेटाळलेला असू शकतो, नादारी जाहीर झालेली असू शकते, किंवा सगळं देणं फिटल्यामुळे ती रद्दही झालेली असू शकते. शेवटचा आदेश वाचल्याशिवाय कुणाच्याही पाठीवर हा शिक्का मारू नका. एका मुलीचं ठरत आलेलं लग्न अशाच अर्धवट वाचलेल्या नोंदीवरून मोडायला आलं होतं. प्रत्यक्षात तिच्या वडिलांचा अर्ज त्यांनी स्वतःच मागे घेतला होता आणि कर्ज हप्त्यांनी फेडलं होतं.

अर्ज करण्याआधी

तुमचा स्वतःचा पतअहवाल काढा. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. विसरलेलं क्रेडिट कार्ड, कुणाला तरी दिलेली जामीनकी, बंद झाली असं वाटलेली पण चालूच असलेली कर्जं तिथे सापडतात.

मग विचार करा की खरंच नादारीची गरज आहे का. फक्त वसुली एजंटांच्या छळामुळे कुणी हा निर्णय घेत असेल तर थांबावं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ च्या नंतर वसुलीचे फोन करता येत नाहीत. बँकेकडे आणि मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. परवाना नसलेल्या सावकाराचं देणं असेल तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात तक्रार करा. सावकारीत बळकावलेली जमीन परत मिळवण्याची सोय त्या कायद्यात आहे. एखाद-दोन कर्जं असतील तर लोकअदालतीत तडजोड बरी.

तुरुंगाच्या भीतीनं रात्र रात्र जागणारे लोक येतात. त्यांना मी आधी हे सांगते: पैसे नाहीत एवढ्याच कारणावरून प्रामाणिक कर्जदाराला दिवाणी तुरुंगात टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८० मध्येच सांगितलं आहे. आणि पैशांच्या हुकूमनाम्यापोटी, म्हणजे दिवाणी दाव्यातल्या निकालाच्या वसुलीसाठी, स्त्रीला अटक करताच येत नाही, दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ५६ तसं स्पष्ट म्हणतं. चेक न वटल्याचा खटला मात्र फौजदारी आहे. तो नादारीच्या अर्जानं थांबत नाही, त्याला वेगळं उत्तर द्यावं लागतं.

हे सगळं करूनही देणं आवाक्याबाहेर असेल, तीन-चार धनको, म्हणजे ज्यांचं देणं आहे ते, एकाच वेळी दारात असतील, तर अर्ज करावा. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. कायद्यानं ही वाट त्यासाठीच ठेवली आहे.

अर्ज लिहिणं

स्वतःचा अर्ज करायला तीनपैकी एक गोष्ट लागते: देणं ५०० रुपये किंवा जास्त असणं (हा आकडा १९२० चा आहे, तो तसाच राहिला), किंवा हुकूमनाम्यापोटी तुम्हाला अटक झालेली असणं, किंवा तुमच्या मालमत्तेवर जप्तीचा आदेश चालू असणं. आणि अर्थात देणं फेडण्याची ऐपत नसणं. तुम्ही राहता किंवा धंदा करता त्या भागाच्या न्यायालयात तो द्यायचा.

कलम १३ मध्ये अर्जात काय लिहायचं ते दिलेलं आहे. मी देणं फेडू शकत नाही हे विधान, राहण्याचं आणि धंद्याचं ठिकाण, जप्ती किंवा अटकेचा आदेश कोणत्या न्यायालयाचा, सगळ्या धनकोंची नावं, पत्ते आणि रकमा, सगळी मालमत्ता किमतीसह आणि ती कुठे आहे त्यासह, ती न्यायालयाच्या स्वाधीन करण्याची तयारी, आणि याआधी कधी असा अर्ज केला होता का व त्याचं काय झालं.

वाचायला सोपं वाटतं. खरं काम धनकोंच्या यादीत आहे, आणि मी त्यासाठी लोकांना दोन बैठका बसवते. पहिल्या बैठकीत बँका आणि पतसंस्था येतात. दुसऱ्या बैठकीत, चहा झाल्यावर, खरी यादी सुरू होते. दुकानाची उधारी, मुलाच्या फीसाठी सोनं गहाण ठेवलेलं, भिशीचे उचललेले पैसे, मेव्हण्याकडून घेतलेले हातउसने. "ते घरचंच आहे, ते कशाला लिहायचं?" असं म्हणतात. लिहायचं. एका गृहस्थांनी शेजारच्या काकूंचे ४०,००० रुपये यादीत घातले नव्हते, कारण काकू कधी मागणार नाहीत याची त्यांना खात्री होती. काकूंच्या मुलानं न्यायालयात हरकत घेतली, आणि नंतर प्रत्येक तारखेला उलटतपासणीची सुरुवात त्याच ४०,००० पासून झाली. एक नाव लपलं की बाकीची यादी खरी असली तरी न्यायाधीशांच्या मनात शंका राहते.

मालमत्तेतही तेच. सातबारा, मालमत्ता पत्रक, बँक पासबुकं, विमा पॉलिसी, गाडीचं आरसी, भिंतीवरच्या टीव्हीपर्यंत सगळं. पण सगळं जातं असं नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नं काही वस्तू जप्तीबाहेर ठेवल्या आहेत आणि नादारीतही त्या तुमच्याच राहतात: अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, कारागिराची अवजारं, शेतकऱ्याची शेतीची अवजारं आणि त्याचं राहतं घर, भविष्य निर्वाह निधी. धार्मिक रूढीनुसार स्त्री अंगावरून उतरवू शकत नाही असे दागिने, म्हणजे मंगळसूत्र, तेही त्यात आहे. पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्यातले दोन तृतीयांश साध्या हुकूमनाम्यात जप्त होत नाहीत. यादीत या वस्तू लिहायच्या, आणि पुढे 'जप्तीमुक्त' असा शेरा मारायचा.

अर्जाच्या आधी कुणाच्याही सल्ल्यानं पत्नीच्या किंवा भावाच्या नावे बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र करू नका. नादारी जाहीर झाली की मोबदला न घेता केलेली दोन वर्षांच्या आतली हस्तांतरणं न्यायालय रद्द करू शकतं. तीन महिन्यांच्या आत एकाच धनकोला, बहुधा नातेवाइकाला, झुकतं माप देऊन फेडलेलं देणंही तसंच उलटतं. मालमत्ता किंवा हिशेबाची वही लपवली तर एक वर्षापर्यंत शिक्षा आहे.

वकील परवडत नसेल तर न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, इतरांना महाराष्ट्रात वार्षिक ३ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर. मदत क्रमांक १५१००.

दाखल झाल्यावर

न्यायालय अर्ज दाखल करून घेतं, तारीख देतं, धनकोंना नोटिसा जातात आणि बहुधा हंगामी रिसीव्हर, म्हणजे न्यायालयाच्या वतीनं मालमत्ता ताब्यात घेऊन सांभाळणारा माणूस, नेमला जातो. इथे लोकांचा मोठा गैरसमज असतो: अर्ज दिला म्हणजे वसुली थांबली. जुन्या कायद्यात तसं होत नाही. अटकेची शक्यता असेल तर संरक्षणाचा अर्ज वेगळा द्यावा लागतो. तो मागितल्याशिवाय मिळत नाही, म्हणून मूळ अर्जाबरोबरच तयार ठेवा.

सुनावणीला धनकोंसमोर तुमची तपासणी होते. कर्ज कशासाठी घेतलं, पैसे कुठे गेले, गेल्या दोन वर्षांत काय विकलं. हिशेबाच्या वह्या बरोबर हव्यात. वह्या नसतील तर बँकेचे उतारे. फेडता येत नाही हे प्रथमदर्शनी पटलं तर कर्जदाराच्या स्वतःच्या अर्जात त्याहून जास्त पुरावा न्यायालयाला लागत नाही. आदेश झाला की मालमत्ता रिसीव्हरकडे जाते आणि न्यायालयाच्या परवानगीशिवाय कुठल्याही धनकोला त्या देण्यासाठी नवा दावा लावता येत नाही. मुक्तता मिळेपर्यंत पुढे आलेली मालमत्ता, वारसाहक्काची असली तरी, रिसीव्हरकडेच जाते. गहाणदार बँक मात्र याला अपवाद आहे. घर तारण असेल तर ती तारणावरची कारवाई चालू ठेवू शकते.

जामीनदाराबद्दल थोडं थांबून सांगते, कारण गावागावात सगळ्यात जास्त नाती याच जागी तुटतात. तुमची नादारी जाहीर झाली, अगदी मुक्तता मिळाली, तरी जामीनदार सुटत नाही. धनको सरळ त्याच्याकडे वळतो. पतसंस्थेचा, सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला निघाला असेल तर त्यात त्याचंही नाव असतं आणि त्याच्या पगारातून कपात सुरू होते. त्यामुळे अर्जावर सही करण्याच्या आधल्या दिवशी जामीनदाराच्या घरी जा आणि समोर बसून सांगा. त्याला नोटिशीतून कळता कामा नये.

तडजोडीची दारं अजून उघडी असतात. रुपयामागे इतके पैसे देतो असा प्रस्ताव तुम्ही मांडू शकता. ज्यांची देणी सिद्ध झाली आहेत अशा धनकोंपैकी संख्येनं बहुमत आणि रकमेनं तीन चतुर्थांश राजी झाले आणि न्यायालयाला तो वाजवी वाटला तर सगळ्यांवर बंधनकारक होतो. वीस जणांत दोन हट्टी असतात. त्यांच्यासाठी बाकीच्यांचं अडत नाही.

नादार असेपर्यंत काही बंधनं राहतात. आपण नादार आहोत हे न सांगता ५० रुपये किंवा जास्त उधार घेणं गुन्हा आहे. कंपनीचं संचालक होता येत नाही, विधानसभा किंवा संसदेची निवडणूक लढवता येत नाही.

मुक्तता

नादारीच्या आदेशातच मुक्ततेचा अर्ज करण्याची मुदत लिहिलेली असते. ती तारीख घरातल्या कॅलेंडरवर लाल शाईनं लिहा, कारण त्या मुदतीत अर्ज केला नाही तर सगळी नादारीच रद्द होऊ शकते आणि धनको पुन्हा मोकळे होतात. माझ्याकडे आलेल्या प्रकरणांत सर्वात जास्त नुकसान याच एका विसरण्यानं झालं आहे.

मुक्ततेच्या वेळी न्यायालय तुमची वागणूक बघतं. मालमत्तेतून रुपयात आठ आणेही वसूल होत नसतील तर ते तुमच्या हाताबाहेरच्या कारणानं झालं हे दाखवावं लागतं: आजारपण, दुष्काळ, भागीदारानं बुडवणं. जुगार, बेफाम खर्च, आंधळी सट्टेबाजी दिसली तर मुक्तता नाकारली जाऊ शकते किंवा लांबवली जाऊ शकते. दवाखान्याची बिलं, पंचनामा, अशी कागदपत्रं म्हणूनच पहिल्या दिवसापासून जपायची.

मुक्ततेनंतरही सरकारी देणी, फसवणुकीतून झालेली देणी आणि पत्नी-मुलांची पोटगी जशीच्या तशी उभी राहतात.

आदेश मिळाला की त्याच्या चार-पाच प्रमाणित नकला एकदमच काढा. एक प्रत प्रत्येक धनको बँकेला पोचपावती घेऊन द्या, एक पतमाहिती कंपन्यांना दुरुस्तीच्या विनंतीसह पाठवा, सातबाऱ्यावर किंवा मालमत्ता पत्रकावर जप्तीची नोंद असेल तर तलाठी किंवा नगर भूमापन कार्यालयात अर्ज देऊन ती कमी करून घ्या आणि फेरफाराची प्रत मागून घ्या. उरलेली प्रत घरात, त्या पहिल्या पिशवीतल्या सगळ्या कागदांसह, एका फाइलमध्ये लावून ठेवा. दहा वर्षांनी कुणी ई-कोर्ट्सवर तुमचं नाव शोधून विचारायला आला तर तीच फाइल त्याच्यापुढे ठेवायची.